ऐकणाऱ्या मेंदूची वीज

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. तिथला तोटा, म्हणजे मोठ्या आवाजाचा फटाका, फुटला की हवेत दाबाची लाट उठते, ती कानाच्या पडद्यावर आदळते आणि सेकंदाचा दहावा भाग उलटतो न उलटतो तोच ऐकणाऱ्याच्या टाळूवर विजेची एक बारीक लहर उमटते. व्होल्टचा काही दशलक्षावा भाग, एवढीच तिची उंची. डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने ती पकडता येते. कानाच्या वर, दोन्ही बाजूंना मेंदूचा जो भाग आवाजाचं काम पाहतो, त्या श्रवणकेंद्रातून, म्हणजे ऑडिटरी कॉर्टेक्समधून, ती निघालेली असते. या लहरीबद्दल गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जे कळलं, त्याचा हा आढावा. विषय प्रयोगशाळेतला वाटेल. पण वाशीसारख्या तालुक्यात जन्मतः ऐकू न येणारं मूल पुढे बोलणार की नाही, हे मोठ्या प्रमाणात या लहरीच्या वेळापत्रकावर ठरतं. म्हणून तो इथे, मराठीत, नीट मांडायला हवा.

आधी आवाजाची वाट पाहू. अडीच वेढ्यांच्या कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानात, सुमारे ३,५०० केसपेशी अशा असतात की हलल्यावर त्या मज्जातंतूला संदेश देतात. इतक्या मोठ्या कामाला इतक्या थोड्या पेशी! एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कॉक्लियाच्या तोंडाशी चिरके, उंच स्वर नोंदले जातात आणि आतल्या टोकाला खर्ज. तिथून सुमारे ३०,००० तंतूंची श्रवणमज्जा निघते, मेंदूच्या देठातली दोन-तीन ठाणी ओलांडते, मधल्या थॅलॅमसमध्ये थांबते आणि मग कानशिलाच्या आत दडलेल्या एका घडीवर पोहोचते. एकोणिसाव्या शतकातल्या रिचर्ड हेशल या ऑस्ट्रियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती घडी ओळखली जाते. कॉक्लियातला स्वरांचा क्रम या घडीवरही जपलेला असतो. शेजारचे स्वर शेजारच्याच पेशी सांभाळतात.

इथवर आलेला संदेश श्रवणकेंद्रातल्या उभ्या, पिरॅमिडच्या आकाराच्या पेशींवर येऊन पडतो. एका पेशीची वीज बाहेरून मुळीच जाणवत नाही. पण हजारो पेशी एकाच दिशेने उभ्या असतील आणि एकाच क्षणी चेतल्या, तर त्यांची बेरीज कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर येते. हेशलच्या घडीचा पृष्ठभाग वरच्या बाजूला असल्यामुळे ही बेरीज कानाजवळ न दिसता टाळूवर सगळ्यांत ठळक दिसते. तपासणीत मुख्य इलेक्ट्रोड डोक्याच्या मध्यावर लावतात, त्याचं कारण हेच.

प्राण्याच्या मेंदूत वीज असते, हे लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन या डॉक्टरने १८७५ मध्ये सशांवर आणि माकडांवर दाखवलं होतं. माणसाच्या कवटीवरून ती नोंदवण्याचं काम जर्मनीच्या हान्स बर्गरने केलं आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केलं. तोच आजचा ईईजी. पुढे १९३९ मध्ये अमेरिकेत पॉलीन डेव्हिस यांनी जाग्या माणसाला आवाज ऐकवून त्याला मेंदूने दिलेलं उत्तर ईईजीच्या कागदावर डोळ्यांनी शोधून काढलं. त्या काळी संगणक नव्हता. कागदावर धावणाऱ्या शाईच्या रेघांमधून ही बारीक हालचाल ओळखणं किती चिकाटीचं काम असेल! मला तर या सगळ्या इतिहासात पॉलीन डेव्हिस यांचं नाव सगळ्यांत आधी घ्यावंसं वाटतं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते सहसा येत नाही.

अडचण अशी की मेंदूची स्वतःची, सततची वीज दहा ते शंभर मायक्रोव्होल्टची असते आणि आवाजाला दिलेलं उत्तर तिच्यात बुडून जातं. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९५० च्या दशकात यावर सरासरीचा उपाय काढला. तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि प्रत्येक वेळची नोंद आवाजाच्या क्षणाशी जुळवून बेरीज करायची. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत हजारो माणसं आपापलं बोलत असतात. तो गलका कधी वर, कधी खाली होतो. पण त्यातच एका ठेक्यात वाजणारा संबळ असेल आणि त्याच्या प्रत्येक थापेशी जुळवून नोंदी एकमेकींवर ठेवल्या, तर गलका एकमेकाला खाऊन टाकतो आणि थाप तेवढी उरते. मेंदूतही हेच घडतं. शंभर वेळा ऐकवलं तर लहर गलक्याच्या तुलनेत दहापट ठळक होते. पुढचं सारं शास्त्र या एका युक्तीवर उभं आहे.

सरासरी काढली की आवाजानंतरचा काळ तीन टप्प्यांत दिसतो. पहिल्या दहा मिलिसेकंदांत मेंदूच्या देठाच्या छोट्या, एक मायक्रोव्होल्टहूनही बारीक लहरी येतात. ज्युएट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये त्यांना क्रमांक दिले. आपल्या दवाखान्यांत सगळेच जिला ‘बेरा टेस्ट’ म्हणतात, ती हीच. दहा ते पन्नास मिलिसेकंदांत थॅलॅमस आणि श्रवणकेंद्राची पहिली हालचाल दिसते. त्यानंतर खऱ्या अर्थाने श्रवणकेंद्राच्या लहरी येतात: मोठ्या माणसात पन्नास-साठच्या सुमाराला पी-१, शंभरच्या सुमाराला एन-१ आणि दोनशेच्या आसपास पी-२. अक्षर लहरीची दिशा सांगतं. पी म्हणजे धन, एन म्हणजे ऋण.

एन-१ ही या सगळ्यांत अभ्यासाला सगळ्यांत फलदायी ठरली. आवाज मोठा झाला की ती वाढते आणि थोडी लवकर येते. तोच आवाज भराभर येत राहिला तर ती झपाट्याने लहान होते आणि काही सेकंदांची उसंत मिळाली की पुन्हा भरते. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याला गिरणीचा आवाज जाणवेनासा होतो, पण पट्टा सुटल्याचा वेगळा आवाज तत्काळ कळतो, याचं मूळ इथे आहे. १९७३ मध्ये स्टीव्हन हिलयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही कानांत वेगवेगळे स्वर सोडून ऐकणाऱ्याला एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. ज्या कानाकडे लक्ष होतं, त्या कानातल्या स्वरांची एन-१ मोठी निघाली. आवाज तेवढाच, कान तेच, आणि तरीही शंभर मिलिसेकंदांच्या आतच मेंदूने निवड केलेली होती.

याहून नवलाची गोष्ट फिनलंडच्या एका शास्त्रज्ञाला सापडली. रिस्तो नॅतानेन यांनी १९७८ मध्ये दाखवलं की एकसारख्या आवाजांच्या रांगेत मध्येच एखादा वेगळा आवाज आला, तर माणसाचं त्या आवाजांकडे लक्ष नसलं, तरी श्रवणकेंद्र एक खास लहर उमटवतं. म्हणजे हे केंद्र मागच्या काही सेकंदांतल्या आवाजाचा नियम मनात धरून बसलेलं असतं आणि नियम मोडला की लगेच हरकत घेतं. झोपलेल्या बाळांतही ही हरकत दिसते. जे मूल अजून बोलत नाही, ते कोणते आवाज वेगळे ओळखतं, हे विचारण्याची सोय त्यामुळे शास्त्राला पहिल्यांदाच झाली.

आता भाषेकडे येऊ. वाशीच्या अंगणवाडीतलं मूल ‘माल’ आणि ‘माळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘काट’ आणि ‘खाट’ सहज वेगळे ऐकतं. ही कुवत कानात नसून श्रवणकेंद्राने घडवलेल्या सवयीत असते, आणि त्याचा पुरावा विजेच्या लहरींतून मिळालेला आहे. नॅतानेन यांच्या गटाने १९९७ मध्ये फिनिश आणि एस्टोनियन माणसांना एक असा स्वर ऐकवला, जो एस्टोनियन भाषेत आहे आणि फिनिशमध्ये नाही. एस्टोनियन माणसांच्या मेंदूची हरकत मोठी होती, फिनिश माणसांची लहान. आपल्या भाषांच्या जवळचं उदाहरण अनू शर्मा आणि मायकेल डॉर्मन यांचं आहे. त्यांनी २००० मध्ये हिंदी बोलणाऱ्यांना आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना व्यंजनातला असा एक बारीक फरक ऐकवला, जो हिंदीत अर्थ बदलतो आणि इंग्रजीत बदलत नाही. हिंदी बोलणाऱ्यांच्या मेंदूने तो पकडला, इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मेंदूने जवळजवळ सोडून दिला.

हे सोडून देणं किती लवकर सुरू होतं? कॅनडात जॅनेट वर्कर यांनी १९८० च्या दशकात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. तिथे वीज मोजली नव्हती, बाळ मान वळवतं की नाही हे पाहिलं होतं. सहा ते आठ महिन्यांची बाळं दोन्ही वर्ण वेगळे ओळखत होती. दहा-बारा महिन्यांची होईतो बहुतेकांना ते जमेनासं झालं. याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या वर्षातच श्रवणकेंद्र आपल्या भाषेचा साचा घेऊ लागतं. ज्या बाळाच्या कानावर त्या वर्षात काहीच पडत नाही, त्याचा साचा कोणत्याच बोलीचा होत नाही.

बोलणं म्हणजे सुटे वर्णही नव्हेत. माणूस सेकंदाला साधारण चार ते आठ अक्षरं उच्चारतो आणि श्रवणकेंद्रातली वीज त्याच चालीवर वरखाली होऊ लागते. लक्ष ज्याच्या बोलण्याकडे असेल, त्याची चाल ती धरते. नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी २०१२ मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवलेल्या रुग्णांना दोन माणसांचं बोलणं एकत्र ऐकवलं. श्रवणकेंद्राच्या लगतच्या भागात वीज जणू एकट्याच बोलणाऱ्याची होती, ज्याच्याकडे रुग्णाचं लक्ष होतं त्याची. आठवडी बाजाराच्या गर्दीत आपण ओळखीच्या माणसाचं बोलणं वेगळं काढतो, ते याच जोरावर.

संगीताचाही एक धागा इथे आहे. १९९८ मध्ये क्रिस्तो पान्तेव यांच्या गटाने पियानोचे स्वर ऐकवले, तेव्हा वादकांच्या श्रवणकेंद्राचं उत्तर इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी मोठं निघालं आणि ज्यांनी लहान वयात शिकायला सुरुवात केली, त्यांचं अधिक मोठं. तुळजापूरच्या संबळवादकांच्या घरांत मुलं चालू लागताच थापेच्या संगतीत वाढतात. त्यांच्यावर असा अभ्यास कुणीतरी करावा, असं मला फार मनापासून वाटतं.

या सगळ्या माहितीचं वजन कळतं ते बहिऱ्या मुलांपाशी आल्यावर. जगभरात हजार नवजात बाळांमागे एक ते तीन बाळांना कायमचा बहिरेपणा असतो. आपल्याकडे त्यात कारणांची भर आहे. गरोदरपणातला रुबेला हे त्यातलं एक. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तिचा हा फारसा न सांगितला गेलेला फायदा आहे. जन्मल्यावर वाढलेली कावीळ वेळेत उतरवली नाही तर श्रवणमज्जा आणि मेंदूचं देठ दुखावतं. नात्यातल्या लग्नांचा प्रश्नही टाळून चालणार नाही. मामाच्या मुलीशी लग्न मराठवाड्यात अनेक समाजांत रूढ आहे. बहिरेपणाच्या काही जनुकांचा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच प्रकट होतो आणि नात्यात लग्न झालं की ती शक्यता वाढते. भारतात यातलं सगळ्यांत जास्त आढळणारं जनुक म्हणजे कनेक्सिन-२६. यात आईचा दोष नाही, वडिलांचा नाही, नवसाचा तर नाहीच नाही.

अशा बाळाच्या श्रवणकेंद्रात काय होतं? इथे पुन्हा अनू शर्मा यांचं काम महत्त्वाचं आहे. त्यांनी पी-१ लहरीला वयाचं माप मानलं. नवजात बाळात ही लहर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी येते, दोन-तीन वर्षांच्या मुलात १२५ च्या आसपास आणि मोठ्या माणसात ६० च्या आसपास. ऐकण्याचा सराव जसा होईल तशी केंद्रातली जोडणी जलद होते आणि लहर लवकर येऊ लागते. जन्मतः बहिऱ्या मुलांवर कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे कॉक्लियात बसवून श्रवणमज्जेला थेट वीज देणाऱ्या यंत्राची, शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनी ही लहर मोजली. साडेतीन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची पी-१ काही महिन्यांतच वयाच्या मानाला येऊन मिळाली. सात वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक मुलांची ती वर्षानुवर्षं ऐकूनही आली नाही. मधल्या वयातल्यांचं काहींचं जमलं, काहींचं नाही.

कारण असं की रिकामं केंद्र रिकामं राहत नाही. डोळ्यांचं आणि स्पर्शाचं काम पाहणारे शेजारी भाग तिथे पाय रोवतात. पुढे इम्प्लांटमधून वीज आली तरी केंद्राचे वरचे आणि खालचे थर एकमेकांशी बोलत नाहीत. आंद्रेज क्राल यांनी जन्मतः बहिऱ्या मांजरांवर हे फार तपशिलात दाखवलं आहे.

यातून कुणी असं समजू नये की इम्प्लांट नाही म्हणजे मुलाचं सगळं संपलं. सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे आणि ती बालपणापासून वापरणाऱ्यांच्या मेंदूत संकेत पाहताना श्रवणकेंद्रालगतचाच भाग चेततो, हे जपानमधल्या १९९९ च्या एका अभ्यासाने दाखवलं. मुलाला पहिल्या तीन वर्षांत कोणती ना कोणती भाषा मिळाली पाहिजे, बोललेली किंवा हाताने केलेली. ‘आधी ऑपरेशन, मग पाहू’ असं म्हणत हातवारेसुद्धा बंद करणारे सल्ले मला चुकीचे वाटतात. जी भाषा मिळेल ती लगेच द्यावी.

आता वाशीच्या बाजूने हा प्रश्न पाहू. गावात बाळाची परीक्षा होते ती थाळी वाजवून. थाळी दणक्यात वाजते, बाळ दचकतं आणि घर निश्चिंत होतं. पण अर्धवट ऐकणारं बाळही थाळी ऐकतं. त्याला ‘स’ आणि ‘श’ ऐकू येत नाहीत, हे थाळी सांगू शकत नाही. पूर्ण बहिरं बाळसुद्धा हवेच्या धक्क्याला किंवा हलणाऱ्या हाताला दचकू शकतं. पहिले काही महिने बहिरी बाळंही हुंकारतात, त्यामुळे शंका येत नाही. मग वर्ष उलटतं, दीड वर्ष उलटतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं आणि त्याने मुलाची दोन वर्षं जातात.

ही दोन वर्षं वाचवण्याचं साधन हाताशी आहे. ओएई तपासणीत बाळाच्या कानात बारीकसा आवाज सोडून कॉक्लियाचा प्रतिसाद मोजतात. काही मिनिटांचं काम, बाळ झोपेत असलं तर उत्तमच. त्यात शंका आली तर बेरा. बेरासाठी बाळाला झोपेचं औषध देतात, कपाळाला आणि कानामागे इलेक्ट्रोड लावतात आणि हजार-दोन हजार ‘टिक’ ऐकवून सरासरी काढतात. जगभर मान्य झालेला दंडक असा: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि उपचार.

बेराचा कागद हातात आल्यावर एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवलीच पाहिजे. बेरा मेंदूच्या देठापर्यंतचीच वाट तपासते. श्रवणकेंद्राचं तिच्यात काहीच दिसत नाही. बेराची रेघ सपाट आली आणि ओएई मात्र चांगली निघाली, असं काही बाळांत होतं. कावीळ झालेल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ते विशेष आढळतं. १९९६ मध्ये आर्नल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला ऑडिटरी न्यूरोपथी हे नाव दिलं. यात मज्जातंतूंचा मेळ चुकलेला असतो आणि हजारो सूक्ष्म लहरींची सरासरी शून्य येते. पण यातल्या काही मुलांत श्रवणकेंद्राची संथ, मोठी लहर टिकून असते, आणि ती टिकलेली असली तर बोलणं समजण्याची आशा जास्त असते. म्हणून केवळ बेरावर ‘शंभर टक्के बहिरं’ असा शिक्का मारणं बरोबर नाही. श्रवणकेंद्राच्या लहरीची तपासणी मुलाला जागं ठेवून करता येते. ती करणारी केंद्रं आपल्याकडे फार थोडी आहेत, हे खरं दुखणं आहे.

योजना नाहीत असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवातच २०१३ मध्ये महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्यात जन्मतः बहिरेपणा तपासायच्या यादीत आहे आणि पथकं अंगणवाडीत येतात. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लियर इम्प्लांट मिळतं. त्याचं मध्यवर्ती काम मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. २०१४ साली सुधारलेल्या या योजनेत एका इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली आणि जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची मर्यादा पाच वर्षं ठेवली गेली. शस्त्रक्रियेचं कौशल्यही महाराष्ट्रात आहे. या क्षेत्रातले मुंबईचे शल्यविशारद डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग मूल कुठे हरवतं? मला वाटतं, ते हंगामात हरवतं. वाशी, भूम, कळंब हा पट्टा बीडला लागून आहे आणि इथूनही कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाडी निघते आणि नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपी टाकतो, तो मार्च-एप्रिलपर्यंत. या काळात जन्मलेलं बाळ फडावर वाढतं. अंगणवाडीच्या पथकाला ते दिसत नाही. पहिला महिना, तिसरा महिना, सहावा महिना, सगळे उसात जातात. शिबिरात बेरा सांगितली जाते तेव्हा धाराशिव, सोलापूर, लातूर किंवा अंबाजोगाई गाठायचं असतं, मजुरी बुडवायची असते, बाळ औषधानेही झोपलं नाही तर पुन्हा यायचं असतं. मेंदूच्या वेळापत्रकात साडेतीन वर्षं लिहिलेली आहेत. त्यातली दोन-तीन अशीच खर्ची पडतात.

शस्त्रक्रिया झाली तरी काम संपत नाही, तिथे ते सुरू होतं. इम्प्लांटची वीज श्रवणकेंद्राला अनोळखी असते. तिचा अर्थ लावायला आठवड्यातून कित्येक तास बोलून घ्यावं लागतं, तेही निदान दोन-तीन वर्षं. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ ओठांवर सारखेच दिसतात, ते कानाने वेगळे करायला शिकवावं लागतं. बॅटऱ्या लागतात, तारा तुटतात, प्रोसेसर बिघडतो. इम्प्लांट होऊनही ज्याचा प्रोसेसर पेटीत पडून राहतो, असं मूल हे योजनेचं अपयश आहे, पालकांचं नाही. आठवड्याला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वाचा-उपचार तज्ज्ञ आला, तर तेच मूल बोलेल.

ऐकणाऱ्या मेंदूचं दुसरं टोक म्हातारपण. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार प्रत्येक घरातल्या आजीआजोबांची असते आणि ती अगदी नेमकी आहे. उंच स्वरांच्या केसपेशी आधी जातात, त्यामुळे व्यंजनं पुसट होतात. श्रवणकेंद्र मग आलेला आवाज वाढवून घेतं, गरजेपेक्षा जास्तच, आणि गोंगाटात हे वाढवणं अंगावर येतं. कानात सतत येणारी ‘कुंई’ बहुधा याच वाढवण्याचा परिणाम असतो. साठीच्या पुढच्या जगातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसांना त्रासदायक बहिरेपणा असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत श्रवणयंत्राने सरसकट सगळ्यांचा विसराळूपणा कमी झाला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त होता, त्यांच्या बुद्धीची घसरण तीन वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावली. ‘आता या वयात मशीन कशाला’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

आणि आवाजाचा मारा. फटाक्यांसाठी १९९९ च्या अधिसूचनेने चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलची मर्यादा घातली. पण तोटा चार मीटरवरून कोण उडवतं? २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांत दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकणं पूर्ववत झाल्यासारखं मोजलं गेलं तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांमधले जोड कायमचे तुटलेले असतात. म्हणजे तपासणी साफ आणि नुकसान आत. तेरखेड्यात दारू भरणाऱ्या, फटाक्यांची चाचणी घेणाऱ्या कामगारांना कानात घालायची बुचं मिळावीत आणि वर्षाला त्यांची श्रवणतपासणी व्हावी, ही मागणी मोठी नाही. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीजवळ खांद्यावर बसवलेल्या बाळांनाही तोच न्याय लागू आहे.

या आढाव्यातून माझी मागणी एकच उरते. वाशीच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेलं बाळ ओएई तपासणी झाल्याशिवाय घरी जाऊ नये. ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबातल्या दोन वर्षांखालच्या मुलाची तपासणी गाडी निघण्याआधी, गावातच व्हावी आणि तिची नोंद लसीकरणाच्या कार्डावर असावी, म्हणजे कारखान्याच्या गावातही ती कुणी वाचू शकेल. २०१८ पासून धाराशिव जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, त्यामुळे त्यासाठी निधी मागायला जागाही आहे. आणि तुमच्या घरात बाळ असेल, ते हाकेला वळत नसेल, वर्षाचं होऊनही ‘आई’, ‘बाबा’ म्हणत नसेल, तर थाळी वाजवू नका, थांबू नका. या आठवड्यातच तपासणीला घेऊन जा.